प्रश्न कोणी ठरवायचे?

१९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन इथे एक शिबिर भरलं होतं. समाजातला वंशद्वेष आणि धर्मद्वेष कमी कसा करता येईल, यावर विचार करायला शिक्षक, समाजसेवक आणि कार्यकर्ते तिथे जमले होते. संशोधनाची बाजू मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्याकडे होती. लेविन स्वतः ज्यू. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, १९३३ मध्ये, त्यांनी जर्मनी सोडली आणि ते अमेरिकेत आले. शिबिरात दिवसभर चर्चा चालायची, निरीक्षक टिपणं काढायचे आणि रात्री संशोधक मंडळी एकत्र बसून कोण काय बोललं, कोण कसं वागलं याचा अर्थ लावायची. एकदा काही शिबिरार्थींनी विचारलं, रात्रीच्या बैठकीला आम्हीही बसलो तर चालेल का? लेविन यांनी होकार दिला. आपल्या वागण्याचा संशोधकांनी लावलेला अर्थ ऐकून एक बाई मध्येच बोलल्या. हे असं झालंच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग खरी चर्चा सुरू झाली, आणि पुढच्या रात्रींना जवळपास सगळेच शिबिरार्थी येऊन बसू लागले.

मानसशास्त्राच्या इतिहासात या प्रसंगाची नोंद गट-प्रशिक्षणाच्या पद्धतीची सुरुवात म्हणून होते. मी मात्र त्या बाईंचाच विचार करत राहते. त्या खोलीत आल्या नसत्या तर त्यांच्याविषयीचं ते टिपण तसंच पुढे गेलं असतं. ते लिहिणारी माणसं विद्वान होती, सद्भावनेची होती, आणि ज्यांच्या बाजूने उभं राहायचं त्यांच्याच बाजूने उभी होती. तरीही ते चुकीचं राहिलं असतं.

मी कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात राहते. इथे नव्याने आलेले लोक कसे स्थिरावतात, त्यांना हे शहर आपलं वाटू लागतं का, आणि रंगामुळे, नावामुळे, बोलण्याच्या ढबीमुळे त्यांच्या वाट्याला काय येतं, याचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पांत मी काम करते. २०२१ च्या जनगणनेनुसार या देशातले २३ टक्के लोक, म्हणजे ८३ लाखांहून अधिक माणसं, दुसऱ्या देशातून येऊन इथे स्थायिक झालेली आहेत. प्रकल्पात आम्हाला ‘कम्युनिटी रिसर्चर’ म्हणतात. आम्ही विद्यापीठातले नसतो. मराठी, अरबी, तिग्रिन्या, दारी, स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांमधूनच आमची निवड होते. मुलाखत कशी घ्यायची, कुठे थांबायचं, समोरचा रडू लागला तर काय करायचं, हे आम्हाला शिकवलं जातं, आणि प्रकल्प चांगला असेल तर प्रश्नावलीही आमच्यासोबत बसूनच तयार होते. प्रकल्प चांगला असेल तर, हे मी मुद्दाम लिहिलं. बऱ्याच ठिकाणी प्रश्नावली आधीच छापून आलेली असते आणि आम्ही फक्त भाषांतर करून द्यायचं असतं.

कोणाच्याही घरी गेलं तरी पहिलं उत्तर आभाराचं असतं. देश चांगला आहे, लोक हसून बोलतात, मुलांची शाळा छान आहे, दवाखान्यात पैसे मोजावे लागत नाहीत. यातलं काही खोटं नसतं. पण ज्याची फाइल अजून कुठल्यातरी सरकारी टेबलावर आहे, त्याला कागद-पेन घेऊन समोर बसलेल्या माणसाला काय सांगायचं आणि काय नाही, हे पक्कं ठाऊक असतं. पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, निकाल यायचा असलेला तरुण तक्रार करत नाही. निर्वासित म्हणून आलेल्या बाईने तर आपली कहाणी याआधीच अधिकाऱ्यांसमोर, वकिलांसमोर, न्यायाधिकरणासमोर सांगितलेली असते, आणि त्या सांगण्यावर तिचं इथे राहणं अवलंबून राहिलेलं असतं. तपशिलात जराशी तफावत पडली तरी काय होतं, हे तिने पाहिलेलं असतं. तिच्या दृष्टीने प्रश्न विचारणारा प्रत्येक माणूस सरकारचाच.

खरं बोलणं सुरू होतं ते मी उठल्यावर. रेकॉर्डर बॅगेत गेलेला असतो, मी दाराशी बूट चढवत असते आणि कोणीतरी म्हणतं, ‘तसं एक सांगायचं राहिलं.’ फोनवर घरमालक म्हणाला होता खोली रिकामी आहे, लगेच या. तासाभरात दारात जाऊन उभे राहिलो तर खोली गेलेली. सुपरवायझरला नाव उच्चारता येत नाही म्हणून त्याने दुसरंच नाव ठेवलं, आता पगाराची चिठ्ठी सोडली तर सगळीकडे तेच नाव चालतं. मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, उद्यापासून मला डब्यात भाजी-पोळी नको. बसमध्ये शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. आणि हे सगळं सांगून झाल्यावर, जवळजवळ प्रत्येक वेळी, पुढचं वाक्य येतं: ‘पण त्यांचं तसं काही चुकलं नाही हो. माझंच इंग्रजी जरा तुटक आहे.’

मला अपमानांच्या यादीपेक्षा हे शेवटचं वाक्य जास्त लागतं. खोली नाकारणारा केव्हाच विसरून गेलेला असतो. ज्याला नाकारलं तो मात्र रात्री पडल्या पडल्या त्या फोनवरचं आपलं एकेक वाक्य तपासत असतो: कुठे चुकलो, ‘प्लीज’ म्हणायचं राहिलं का, मुलं किती आहेत ते आधीच सांगायला नको होतं का. छापील प्रश्नावलीत ‘गेल्या बारा महिन्यांत तुम्हाला भेदभावाचा अनुभव आला का?’ असा प्रश्न असतो आणि हाच माणूस तिथे ‘नाही’वर खूण करतो. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या मनात त्या घटनेचं नाव भेदभाव असं पडलेलंच नसतं. ती त्याच्या इंग्रजीची चूक असते. अशा हजार उत्तरांची बेरीज करून शहरात भेदभाव कमी आहे असा निष्कर्ष निघतो, तो वर्तमानपत्रात छापून येतो, महापौर त्याचा दाखला देतात. आकडेमोडीत कुठेही चूक नसते.

दारातल्या या बोलण्याचं करायचं काय, हा आमच्या कामातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. नियम स्पष्ट आहे. रेकॉर्डर बंद झाल्यावर जे सांगितलं गेलं ते संमतीशिवाय वापरायचं नाही. मी पुन्हा आत येते, बसते आणि विचारते, हे लिहू का? काही जण लगेच नको म्हणतात, आणि मी ते कुठेही लिहीत नाही. काही जण म्हणतात, लिहा, पण नाव नको. मग आम्ही दोघं मिळून बघतो की नाव काढल्यानंतरही ओळख पटण्यासारखं काय उरतं. लहान समाजात नाव खोडून भागत नाही. एखाद्या वृद्धाश्रमात काम करणारी एरिट्रियाची तीन मुलांची आई, एवढं लिहिलं की तिच्या ओळखीतल्या प्रत्येकाला ती कळते, आणि तिच्या मालकालाही. म्हणून कधी देश गाळायचा, कधी नोकरी, कधी मुलांची संख्या. हे गाळणं मी माझ्या मनाने करत नाही. काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं, ते ती सांगते. एका बाईने सगळं गाळलं आणि पगाराच्या चिठ्ठीवरच्या नावाची गोष्ट मात्र ठेवायला लावली. ती म्हणाली, ते राहू दे, ते लोकांना कळलं पाहिजे.

प्रश्न बदलला की उत्तर किती बदलतं, हे मला एका बैठकीत कळलं. ‘मला या शहरात आपलेपणा वाटतो: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत’ हे विधान आमच्यासमोर होतं. प्रकल्पाच्या सल्लागार गटात नव्याने आलेल्या काही बायका होत्या. त्यातली एक, इंग्रजीच्या सरकारी वर्गात शिकणारी, बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, हे विचारू नका. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर आईवडिलांशिवाय आणखी एका माणसाचं नाव आणि फोन नंबर लागतो, आणीबाणीत बोलवायला. तिथे तुम्ही कोणाचं नाव लिहिता, ते विचारा.

खोलीतल्या प्रत्येक आईने तो फॉर्म भरलेला होता. एकीने नव्याने आलेल्यांना मदत करणाऱ्या सेटलमेंट कार्यालयातल्या कार्यकर्तीचं नाव लिहिलं होतं, तिला न विचारता, कारण दुसरा कोणाचा नंबरच नव्हता. एकीने नवऱ्याचा नंबर दोनदा लिहिला होता. एकीने दुसऱ्या शहरातल्या चुलतभावाचा, जो यायचा म्हटला तरी दोन तास लागतील. आणि एक म्हणाली, पहिली दोन वर्षं मी ती जागा रिकामी सोडायचे, यंदा शेजारच्या आजींचं नाव लिहिलं. त्या इथल्याच आहेत, त्यांनीच विचारलं होतं. हा प्रश्न आम्ही प्रश्नावलीत घातला. त्याची उत्तरं वाचताना कोण कितपत रुजलं, कोणाला कोणी हात दिला आणि कोण अजून एकटंच आहे, हे सगळं एका ओळीत दिसायचं. विद्यापीठातल्या कोणाला हा प्रश्न सुचला नसता, आणि मलाही नाही. ज्या बाईला तो सुचला तिने तो फॉर्म शाळेच्या कार्यालयात उभं राहून, मागे रांग असताना भरला होता.

स्थिरावणं या विषयावरचं बहुतेक संशोधन आलेल्या माणसाला तपासतं. तो भाषा शिकला का, नोकरीला लागला का, मिसळला का. दाराच्या आतल्यांनी काय केलं, हे क्वचित विचारलं जातं. या देशाचा इतिहास जरी थोडासा चाळला, तरी हा क्रम उलटा का करायला हवा ते दिसतं. १८८५ मध्ये कॅनडाने चिनी स्थलांतरितांवर माणशी ५० डॉलरचा कर बसवला. तो १९०० मध्ये १०० आणि १९०३ मध्ये ५०० डॉलर झाला, आणि १९२३ च्या कायद्याने त्यांचं येणं जवळपास बंदच केलं, ते १९४७ पर्यंत. तिथे निदान चिनी हे नाव तरी स्पष्ट लिहिलेलं होतं. भारतीयांसाठी १९०८ मध्ये जो नियम आला त्यात भारताचं नावसुद्धा नव्हतं. स्वतःच्या देशातून थेट, मध्ये न थांबता, तिथेच काढलेल्या तिकिटावर जो येईल त्यालाच प्रवेश, इतकंच त्यात म्हटलं होतं. भारतातून कॅनडाला असा थेट प्रवास तेव्हा शक्यच नव्हता. १९१४ मध्ये कोमागाता मारू जहाज ३७६ भारतीय प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरला पोहोचलं. त्यातल्या जेमतेम वीस-पंचवीस जणांना उतरू दिलं, बाकीचे दोन महिने बंदरात जहाजावरच अडकून पडले, आणि शेवटी जहाज परत पाठवलं गेलं. कलकत्त्याजवळ बजबज इथे ते पोहोचल्यावर गोळीबार झाला आणि त्यात माणसं मेली. कॅनडाच्या संसदेत पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०१६ मध्ये.

कोणाचंही नाव न घेता नेमक्या लोकांनाच अडवणारा नियम कसा असतो, हे कळण्यासाठी मी १९०८ चा हा नियम नव्या संशोधकांना आवर्जून सांगते. कारण त्याचं आजचं रूप त्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतः पाहिलेलं असतं. ‘कॅनडातला अनुभव हवा’ असं नोकरीच्या जाहिरातीत लिहिलेलं असायचं. त्यातही कोणत्या देशाचं नाव नसतं. पुण्याच्या कारखान्यात पंधरा वर्षं काढलेला अभियंता, दमास्कसची औषधविक्रेती, अदिस अबाबाची शिक्षिका, सगळे या एका ओळीपाशी येऊन थांबतात, गोदामात पेट्या उचलू लागतात, आणि चार वर्षांनी त्यांच्याजवळ कॅनडातला अनुभव असतो तो पेट्या उचलण्याचा. ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क आयोगाने ही अट सकृद्दर्शनी भेदभावाची आहे असं २०१३ मध्ये सांगितलं. पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांनी जाहिरातीत ती घालू नये, हा प्रांतिक कायदा लागू झाला १ जानेवारी २०२६ पासून. मधल्या तेरा वर्षांत किती माणसांची उमेद गेली असेल? जाहिरातीतून ओळ गेली म्हणून मुलाखत घेणाऱ्याच्या मनातून ती जाईलच असं नाही, पण निदान आता बोट ठेवायला कायदा आहे.

टोरांटो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी हे वेगळ्या पद्धतीने दाखवून दिलं होतं. त्यांनी सुमारे तेरा हजार बनावट अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तोच, काही अर्जांवर फक्त नाव वेगळं: इंग्रजी, किंवा चिनी, भारतीय, पाकिस्तानी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इंग्रजी नावांना मुलाखतीची बोलावणी लक्षणीयरीत्या जास्त आली. इथे आलेल्याला काहीच विचारलेलं नाही. त्याला आपलेपणा वाटतो का, इंग्रजी कसं आहे, यातलं काही नाही. तपासलं गेलं ते दार. दारात बूट चढवताना ‘माझंच इंग्रजी तुटक’ म्हणणाऱ्यांना मी हा अभ्यास सांगते तेव्हा त्यांचा चेहरा बदलतो. आनंद होतो असं नाही. एकजण कितीतरी वेळ खाली बघत बसला, मग म्हणाला, म्हणजे मी ते क्लास उगाच लावले?

ज्यांच्याविषयी संशोधन त्यांनीच ते करायचं, ही कल्पना परदेशातून आपल्याकडे आली असं समजणाऱ्या मराठी मित्रांना मी पालघरची आठवण देते. सत्तरच्या दशकात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या या तालुक्यात भूमी सेना ही आदिवासींची चळवळ उभी राहिली. सावकारांच्या घशात गेलेल्या जमिनी, वेठबिगारी, किमान मजुरी या प्रश्नांवर आदिवासी स्वतः एकत्र बसत, आपल्या परिस्थितीचा आढावा घेत, काय करायचं ते ठरवत आणि मग पुन्हा बसून झालेल्याचा हिशेब मांडत. बाहेरून आलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी बाजूला केलं होतं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या चार अभ्यासकांनी या चळवळीवर १९७९ मध्ये लिहिलं, आणि सहभागी संशोधनाच्या जगभरातल्या अभ्यासक्रमांत त्या लेखनाचा उल्लेख होत राहिला. त्याच काळात कोलंबियात ओर्लांदो फाल्स बोर्दा हे समाजशास्त्रज्ञ शेतमजुरांसोबत त्यांच्याच जमिनीच्या लढ्यांचा इतिहास शोधत होते आणि सापडलेलं चित्रकथांच्या रूपात त्यांना परत देत होते, कारण वाचता न येणाऱ्यालाही आपलं म्हणणं बरोबर उतरलं की नाही हे तपासता आलं पाहिजे. आमच्या प्रकल्पाचा शंभर पानी इंग्रजी अहवाल हातात घेतला की मला त्या चित्रकथा आठवतात. तो अहवाल ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापैकी किती जण तो वाचू शकतील?

आता ज्याविषयी आपल्याच लोकांत बोलणं कठीण जातं, त्याविषयी. आम्हाला ‘समाजातली’ म्हणून निवडतात. पण माझा समाज कोणता? भारतीयांचा गट म्हणून आम्हाला एका खोलीत बसवलं जातं. एकदा अशाच गटचर्चेत कोणीतरी आपुलकीने म्हणालं, ‘इकडे आल्यावर आपण सगळे सारखेच.’ माना डोलल्या. एक जण डोलला नाही. नंतर त्याने मला वेगळं भेटून सांगितलं की इथल्या आपल्या लोकांत पहिल्या ओळखीतच आडनाव विचारतात, मग गाव, मग तुमच्याकडे लग्नं कुठे जुळतात, आणि तिथून पुढे बोलावणी कमी होतात. खोली मिळणं, ओळखीने नोकरी लागणं, मुलांना सोबत खेळायला घेणं, हे सगळं ज्या जाळ्यातून चालतं त्या जाळ्यातच त्याला जागा नाही. गोऱ्या घरमालकाने नाकारलं तर निदान आपल्या लोकांना सांगता येतं. हे कोणाला सांगायचं? गटात बोलायला तो तयार नव्हता, कारण गटातच ती माणसं बसली होती.

त्या संध्याकाळनंतर मी भारतीयांच्या गटात मुलाखती नेहमी एकेकट्या घेते, आणि मुलाखत कोणी घ्यावी हे निवडण्याची मुभा सांगणाऱ्याला द्यावी असा आग्रह धरते. माझं आडनाव ऐकून एखाद्याला माझ्याशी बोलावंसं वाटणार नाही, आणि तसं न वाटण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. टोरांटोच्या शालेय मंडळाने मार्च २०२३ मध्ये जातीय भेदभावाचा प्रश्न मानवी हक्क आयोगाकडे नेण्याचा ठराव केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑन्टॅरिओच्या आयोगाने जातीवरून होणारा भेदभाव मानवी हक्क संहितेखाली येतो, अशी भूमिका जाहीर केली. हे घडलं ते ज्यांनी सोसलं त्यांनी बोलायचं ठरवलं म्हणून. आपल्यावरच्या वंशद्वेषाविषयी तळमळीने बोलणारे आपण हे ऐकून गप्प होतो, विषय बदलतो, नाही तर ‘या गोष्टी इथे कशाला आणता’ म्हणतो. दार आतून धरून उभं राहिलेल्यांत आपणही असतो. हे अहवालात आलं नाही तर तो अहवाल अर्धा आहे असं माझं मत आहे, आणि यावरून काही जुनी ओळख तुटली तरी मी ते बदलणार नाही.

आणि आपण स्थिरावतो ती जमीनही मोकळी नव्हती. इथल्या मूळ रहिवाशांना, म्हणजे आदिम राष्ट्रांना (फर्स्ट नेशन्स), संशोधक म्हटलं की काय आठवतं, हे नव्याने आलेल्यांना सहसा कोणी सांगत नाही. १९४० आणि ५० च्या दशकांत आदिम मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवलं जाई त्या निवासी शाळांतल्या उपाशी मुलांवर आहाराचे प्रयोग झाले; मुलांची भूक भागवण्याऐवजी तिचा अभ्यास केला गेला. आपल्याविषयीच्या माहितीची मालकी, तिच्यावरचं नियंत्रण, ती मिळण्याचा हक्क आणि तिचा ताबा आपल्याकडेच हवा, ही चार तत्त्वं फर्स्ट नेशन्सनी १९९८ मध्ये मांडली ती अशा इतिहासातून. निवासी शाळांचा हा इतिहास तपासणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या २०१५ च्या ९४ आवाहनांपैकी शेवटची दोन खास नव्याने येणाऱ्यांबद्दल आहेत: त्यांना दिल्या जाणाऱ्या माहितीत आणि नागरिकत्वाच्या परीक्षेत हा इतिहास यावा, आणि नागरिकत्वाच्या शपथेत आदिम लोकांशी झालेल्या करारांचा उल्लेख यावा. शपथ २०२१ मध्ये बदलली. आमच्या सल्लागार गटात आता एक ज्येष्ठ आदिम महिला आहेत. त्या फार बोलत नाहीत. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं की मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज कोणाच्या कपाटात राहणार, आणि प्रकल्प संपल्यावर ती नष्ट करायची की परत द्यायची ते कोण ठरवणार. आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. त्यानंतर करारात ते कलम आलं.

पैशाचंही बोललं पाहिजे. संध्याकाळच्या बैठकीला यायचं तर शिफ्ट सोडावी लागते, बसचं भाडं लागतं, मुलांना कोणाकडे तरी ठेवावं लागतं. मुलाखत देणाऱ्याला मानधन म्हणून कॉफीच्या दुकानाचं कार्ड हातात ठेवायचं आणि त्याच्या सांगण्यावर कोणाची तरी पदवी, बढती आणि पुढचं अनुदान उभं राहायचं, हे मला पटत नाही. तासाचा रोख मोबदला, बसभाडं आणि बैठकीच्या जागी मुलं सांभाळायला माणूस, एवढं अंदाजपत्रकात नसेल तर त्या प्रकल्पात मी काम करत नाही. यामुळे काही कामं हातची गेली.

पुढच्या टप्प्याची प्रश्नावली सध्या तयार होते आहे. या वेळी सल्लागार गटाने ठरवलं की नव्याने आलेल्यांना आता पुरे विचारलं. प्रश्न घरमालकांना विचारायचे. पण त्यांना सरळ विचारलं तर कोण खरं सांगणार? मग ओरिओपोलस यांच्यासारखीच पद्धत निघाली. भाड्याच्या एकाच जाहिरातीला दोघांनी फोन करायचा, नोकरी, कुटुंब, पगार सारखाच सांगायचा, नाव फक्त वेगळं. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीला हे पटवावं लागेल, कारण फोन उचलणाऱ्याला आपली परीक्षा चालू आहे हे माहीत नसेल. गटात वाद झाला. निर्वासित म्हणून आलेले एक गृहस्थ म्हणाले, आम्ही खोटं बोलतो असं आधीच म्हणतात, आता खरंच खोटं बोलायचं? त्यांना उत्तर दिलं ते शाळेचा फॉर्म सुचवणाऱ्या बाईने. ती म्हणाली, आपण आपलंच नाव सांगायचं, त्यात खोटं काय? घर आपल्याला खरंच हवं आहे. ते बराच वेळ विचार करत होते. शेवटी म्हणाले की ते स्वतः फोन करणार नाहीत, पण विरोधही करणार नाहीत, आणि आपलं हे मत अहवालात लिहावं. ते लिहायचं ठरलं आहे.

फोन करायला तयार असलेल्यांची यादी फळ्यावर लिहिली गेली. माझं नाव त्यात आहे, आडनावासकट.